रेल्वे स्थानकांची निगा राखणारे स्वयंसेवक : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातील आणि आसपासची लहान-मोठी रेल्वे स्थानके स्वच्छ, हिरवी आणि बसण्याजोगी ठेवण्यासाठी काही करावे, अशी इच्छा असणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न पुढे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्थानकात सफाईचे कंत्राट दिलेले असतेच. मग स्वयंसेवकांचे काम ते काय उरते?

झाडलोट, प्रसाधनगृहांची सफाई आणि कचरा उचलणे ही रेल्वेची जबाबदारी आहे. ती आपल्या अंगावर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वयंसेवकांनी फलाट झाडायला घेतला की कंत्राटदार त्या दिवशी माणसे कमी पाठवतो आणि ज्या सफाई कामगाराची हजेरी बुडते त्याचे नुकसान होते. कंत्राटात सहसा न बसणारी कामे मात्र पुष्कळ असतात. वाळलेल्या वाफ्यात पुन्हा झाडे लावून ती मे महिन्यातही जगवणे, खर्ऱ्याच्या (सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या) पिंकेने माखलेला जिन्याचा कोपरा मूळ रंगावर आणणे, कोऱ्या भिंतीवर गावाची ओळख सांगणारे चित्र काढणे, मोडलेल्या बाकाची किंवा गळक्या नळाची तक्रार दुरुस्ती होईपर्यंत लावून धरणे, ही त्यांपैकी काही. शेवटचे काम सर्वांत रुक्ष आहे, त्याचे छायाचित्रही निघत नाही, पण प्रवाशाला सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो.

२. आमच्या गटाने कोणते स्थानक निवडावे? सुरुवात नागपूर मुख्य स्थानकापासून करावी का?

मुख्य स्थानकापासून सुरुवात करू नये. तेथे दिवसरात्र गाड्यांची ये-जा असते, प्रत्येक कोपऱ्यावर कोणत्या तरी विभागाचा अधिकार असतो आणि सध्या पुनर्विकासाचे कामही चालू आहे (प्रश्न १३ पाहा). गोधनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, कळमना, कामठी अशी स्थानके नव्या गटासाठी अधिक सोयीची आहेत. तेथे थोड्या कामानेही फरक दिसतो, स्टेशन मास्तरांशी ओळख लवकर होते आणि रोज त्याच गाडीने जाणारे-येणारे प्रवासी हळूहळू कामात सामील होतात. निवडीची आमची कसोटी साधी आहे : गटातील निदान दोन माणसे त्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारी असावीत. धरमपेठेतून बुटीबोरीला झाडांना पाणी घालायला जाण्याचा उत्साह पहिल्या पावसाळ्यानंतर टिकत नाही.

३. परवानगी कोणाकडे मागायची?

नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण येथे दोन वेगवेगळ्या रेल्वेंचे विभाग नांदतात आणि दोघांचेही नाव ‘नागपूर विभाग’ असेच आहे. मध्य रेल्वेचे मुख्यालय मुंबईत, तर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे बिलासपूरला आहे. पण दोन्हींच्या नागपूर विभागाचे व्यवस्थापक, म्हणजे डीआरएम, नागपुरातच बसतात. नागपूर मुख्य स्थानक, अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, गोधनी, काटोल आणि नरखेड ही स्थानके मध्य रेल्वेची आहेत. इतवारी (आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन), कळमना, कामठी आणि कन्हान ही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे येतात. कामठीचा अर्ज मध्य रेल्वेच्या कार्यालयात दिला तर तो नाकारला जाईलच असे नाही, बहुधा तो नुसता पडून राहील.

पहिली भेट मात्र स्टेशन मास्तरांचीच घ्यावी. मंजुरी त्यांच्या हातात नसली, तरी त्यांच्या शिफारशीशिवाय वर गेलेला कागद चौकशीसाठी पुन्हा त्यांच्याच टेबलावर येतो. त्यानंतर डीआरएम यांच्या नावे अर्ज करून त्याची प्रत वाणिज्य विभागाला द्यावी आणि रंगकाम असेल तर अभियांत्रिकी विभागालाही द्यावी. मेट्रोच्या स्थानकांशी या कोणाचाही संबंध नाही. खापरीला रेल्वे आणि मेट्रो दोन्हींची स्थानके असल्यामुळे हा घोळ नेहमी होतो. मेट्रोसाठी महामेट्रोकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

४. अर्जात काय लिहावे, म्हणजे तो परत येणार नाही?

‘स्थानकाचे सुशोभीकरण करू इच्छितो’ एवढ्या वाक्यावर कोणीही अधिकारी सही करत नाही, आणि करूही नये. कोणत्या क्रमांकाच्या फलाटावर, कोणत्या दोन खांबांच्या दरम्यान, किती लांबीच्या भिंतीवर किंवा किती कुंड्यांचे काम आहे, ते कोणत्या तारखांना आणि कोणत्या वेळेत होईल, किती माणसे असतील, पाणी कोठून घेतले जाईल, हे सारे नेमकेपणाने लिहावे. जागेचे आजचे छायाचित्र आणि चित्र काढायचे असल्यास त्याचा रंगीत आराखडा जोडावा. त्यानंतरची देखभाल कोण आणि किती काळ करणार, हा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतो. तो असला की अर्ज वाचणाऱ्याचा सूर बदलतो, कारण एका रविवारी रंगवून गेलेल्या आणि पुन्हा न फिरकलेल्या गटांचा अनुभव प्रत्येक कार्यालयाला असतो. मिळालेल्या पत्राची प्रत कामाच्या वेळी खिशात ठेवावी. आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान विचारतो तेव्हा ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ हे उत्तर चालत नाही.

५. काम करायला जाताना फलाट तिकीट काढावे लागते का?

परवानगीच्या पत्रात सूट दिली नसेल तर काढावे लागते. फलाट तिकीट दहा रुपयांना मिळते आणि दोन तासच चालते. त्यामुळे लांबणाऱ्या कामासाठी प्रवेशाचा उल्लेख पत्रातच करून घ्यावा. गर्दीच्या दिवसांत फलाट तिकिटांची विक्री थांबवली जाते, हेही लक्षात असावे (प्रश्न १४ पाहा).

६. सुरक्षिततेचे कोणते नियम पाळलेच पाहिजेत?

फलाटावर दृष्टिहीन प्रवाशांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशीची पट्टी असते. तिच्या रुळांकडच्या बाजूला स्वयंसेवकाने पाऊल टाकू नये आणि त्या पट्टीवर बादली, कुंडी किंवा शिडी क्षणभरही ठेवू नये. न थांबता जाणारी गाडी फलाटाजवळून जाते तेव्हा हलक्या वस्तू ओढल्या जातात. म्हणून रंगाचे रिकामे डबे आणि अंथरलेली वर्तमानपत्रे गाडी येण्याआधी उचलावीत.

रुळांवरील तारेत २५,००० व्होल्टचा विद्युतप्रवाह असतो. तिला स्पर्श झाला तरच धोका, हा समज चुकीचा आहे. जवळ गेलेल्या धातूच्या वस्तूतूनही झटका बसतो. ॲल्युमिनियमची शिडी, लांब दांड्याचा रोलर, लोखंडी गज आणि पाइपने उंच उडवलेले पाणी या चारही गोष्टी फलाटाच्या रुळांकडील बाजूला पूर्ण वर्ज्य आहेत. पादचारी पुलाचा रुळांवर येणारा भाग रंगवायचा असेल तर तो प्रवाह बंद करून घेतलेल्या वेळेत, रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच रंगवावा. खरे तर तो भाग स्वयंसेवकांनी घेऊच नये.

समोरच्या फलाटावर जाण्यासाठी रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हातात परवानगीचे पत्र असले म्हणून त्यातून सुटका नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे लाल किंवा हिरवे जाकीट, टोपी, फडके वापरू नये. रेल्वेत या दोन रंगांना अर्थ आहे आणि लाल कापड जोराने हलताना दिसले तर गाडी थांबवणे हे लोको पायलटचे कर्तव्यच आहे.

७. शाळेच्या मुलांना आणता येईल का?

आणता येईल, पण फलाटावर कामाला लावू नये. स्थानकाबाहेरचा आवार, तिकीटघराची भिंत आणि प्रतीक्षालयाची आतली बाजू या जागा मुलांसाठी योग्य आहेत. मुलांचे काम सकाळी लवकर आटोपावे आणि पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यावे.

८. खर्ऱ्याचे डाग कसे काढावेत? रंगवल्यावर महिनाभरात पुन्हा तेच होते.

विदर्भातल्या स्थानकांचा हा मुख्य आजार आहे आणि नुसता रंग हा त्यावरचा उपाय नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना यांची पिंक भिंतीत मुरते. तिच्यावर थेट रंग दिला तर पहिल्या पावसाळ्याच्या दमट हवेत तपकिरी डाग रंगातून वर फुटून येतो. फरशी किंवा टाइल्स असतील तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून तो डागावर ओतावा, काही वेळ भिजू द्यावा आणि नायलॉनच्या ब्रशने घासावा. सांध्यांतला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. ॲसिड वापरू नये, ते सांध्यांतले सिमेंट खाते आणि पुढची पिंक अधिक खोल जाते. डिस्टेंपरची भिंत असेल तर डागाळलेला थर खरवडून काढावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, डाग अडवणारा प्रायमर लावावा आणि मगच रंग द्यावा. हातमोजे आणि मास्क अनिवार्य आहेत, कारण वाळलेली थुंकी खरवडताना तिची धूळ उडते.

एवढे करूनही कोपरा कोपराच राहिला तर लोक तेथेच थुंकणार. जिन्याच्या वळणावरचा अंधारा, कोणाचे लक्ष नसलेला कोपरा ही थुंकणाऱ्याची आवडती जागा असते. तेथे दिवा लावून घेणे आणि जागा असल्यास बाक हलवून घेणे यांचा परिणाम आम्हाला सूचनाफलकांपेक्षा जास्त दिसला आहे. जेथे माणसे बसतात तेथे थुंकायला संकोच वाटतो. रेल्वेच्या २०१२ च्या स्वच्छताविषयक नियमांनुसार थुंकणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो वसूल करण्याचा अधिकार रेल्वेने नेमलेल्या कर्मचाऱ्यांना आहे, स्वयंसेवकांना नाही. कोणाशी हुज्जत घालू नये.

देवादिकांच्या चित्रांच्या टाइल्स लावाव्यात, ही सूचना आम्हाला जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळते. आम्ही ती मान्य करत नाही. थुंकणारा शेजारच्या खांबाकडे वळतो आणि एखाद्या दिवशी चित्रावरच पिंक पडली तर स्वच्छतेचा विषय बाजूला राहून भलताच वाद उभा राहतो.

९. भिंतीवर चित्रे काढायची आहेत. विषय कसा निवडावा?

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मध्य रेल्वेच्या याच नागपूर विभागातील बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिला क्रमांक आणि दहा लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. तेथील भिंतींवर ताडोब्याचे वाघ आणि जंगल आहे. गाडीतून उतरणाऱ्याला आपण कोठे आलो हे फलक न वाचताही कळते. त्याच स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवणाऱ्यांत बिहारचे मधुबनी होते, जेथे स्थानिक कलाकारांनी २०१७ मध्ये श्रमदानातून सुमारे सात हजार चौरस फुटांवर मधुबनी चित्रे काढली होती.

नागपूर परिसरासाठी विषयांची वाण नाही. काळी आणि पिवळी मारबत, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, संत्र्याची बाग, इतवारीहून एकेकाळी सुटणारी नॅरोगेजची (अरुंद रुळांवरची) गाडी यांपैकी काहीही चालेल. गाडीचे चित्र काढणार असाल तर कडबी चौकाजवळच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात जाऊन इंजिन प्रत्यक्ष पाहून यावे. मोबाइलवरच्या चित्रावरून काढलेल्या इंजिनाची चाके चुकली की रेल्वेतले निवृत्त कर्मचारी वर्षभर ऐकवतात. राजकीय व्यक्ती, पक्षांची चिन्हे आणि जाहिरातवजा मजकूर टाळावा. सिग्नलच्या दिशेला असलेल्या भिंतीवर भडक लाल-हिरवे गोल किंवा चकाकणारा रंग वापरू नये. कारण प्रश्न ६ मध्ये दिले आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगायची तर ओल आलेल्या किंवा लोणा धरलेल्या भिंतीवर चित्र काढूच नये. आधी गळती बंद करून घ्यावी. उन्हाच्या बाजूला बाहेरच्या भिंतींसाठी असलेला ॲक्रिलिक रंगच वापरावा आणि काम हिवाळ्यात करावे. मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

१०. मुख्य स्थानकाच्या जुन्या दगडी इमारतीवरही असेच चित्र काढता येईल का?

नाही. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झाले आणि तो दगड हेच तिचे सौंदर्य आहे. वालुकाश्म सच्छिद्र असतो. त्यावर रंगाचा थर दिला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ॲसिड, तारेचा ब्रश आणि जोराच्या फवाऱ्याने धुणे हेही तितकेच घातक आहे. दगडी कामावर डाग दिसला तर तो रेल्वेला कळवावा, हात लावू नये.

११. स्थानकाच्या नावाचा फलक फिका पडला आहे. तो आम्ही रंगवू शकतो का?

तो फलक सजावटीत मोडत नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, मराठी, हिंदी आणि इंग्रजी हा क्रम, समुद्रसपाटीपासूनची उंची हे सर्व रेल्वेच्या नियमांनी ठरलेले असते आणि धावत्या गाडीतून ते वाचता आले पाहिजे. फिका पडल्याचे छायाचित्रासह कळवावे. फलकाच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडे लावायला सहसा हरकत घेतली जात नाही, मात्र ती अक्षरांच्या आड येता कामा नयेत.

१२. कोणती झाडे लावावीत? आमची सगळी रोपे एप्रिलमध्येच गेली.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि फलाटाचे काँक्रीट रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. रोपवाटिकेत डिसेंबरमध्ये छान दिसणारी बरीच रोपे येथे टिकत नाहीत. बोगनवेल, सदाफुली आणि कोरफड ही तिन्ही कमी पाण्यावर तग धरतात. बोगनवेलीला काटे असल्यामुळे ती चालण्याच्या वाटेपासून दूर, कुंपणालगत लावावी. कण्हेर फुलते भरपूर आणि मरत नाही, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी असल्यामुळे मुले बसतात तेथे ती नको. उंच वाढणारी झाडे तारांच्या जवळ लावण्यास मनाई असते.

लागवड जूनच्या अखेरीस, पाऊस नीट सुरू झाल्यावर करावी, म्हणजे मार्चपर्यंत मुळे खोल जातात. पत्र्याचे डबे आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या टाळाव्यात, कारण त्यांत मुळे भाजतात. मातीची किंवा सिमेंटची मोठी कुंडी बरी. मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा तणसाचे चार बोटे जाड आच्छादन दिले की पाणी निम्म्या वेळाच द्यावे लागते. ते सूर्योदयापूर्वी किंवा रात्री द्यावे, भर दुपारी नव्हे. पिण्याच्या नळाला पाइप लावून झाडांना पाणी देणे प्रवाशांना रुचत नाही आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्याऐवजी पाणपोईखाली वाहून जाणारे पाणी चर काढून वाफ्याकडे वळवण्याची परवानगी मागावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, त्यात डेंग्यूचे डास होतात.

आवारातल्या जुन्या झाडांच्या फांद्या मात्र स्वतः तोडू नयेत. त्याचा निर्णय रेल्वे आणि संबंधित वृक्ष प्राधिकरण घेते. भिंतीच्या भेगेत उगवलेल्या पिंपळाबद्दल अभियांत्रिकी विभागाला वेळीच कळवणे हा त्यातल्या त्यात उपयुक्त हातभार आहे.

१३. पुनर्विकासात आमचे काम पाडले गेले तर?

तसे होऊ शकते आणि त्याची भरपाई मिळत नाही. नागपूर आणि अजनी स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. ही कामे अनुक्रमे सुमारे ५९० आणि ३६० कोटी रुपयांची आहेत. स्थानकांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत आसपासची अनेक स्थानके आली असून त्यांपैकी इतवारीच्या नव्या रूपाचे लोकार्पण मे २०२५ मध्ये झाले. त्यामुळे भिंत निवडण्याआधी ती आराखड्यात राहणार आहे का, हे अभियांत्रिकी विभागाला लेखी विचारावे. जेथे काम चालू आहे तेथे हलवता येण्याजोग्या कुंड्यांपुरतेच मर्यादित राहावे. इतवारी ते नागभीड हा नॅरोगेज मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. त्यावरील जुनी स्थानके दत्तक घेण्याबद्दल विचारणा होते, परंतु बांधकामाच्या हद्दीत स्वयंसेवकांना प्रवेश नसतो.

१४. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या काळात काम चालू ठेवावे का?

रंगकाम आणि लागवड थांबवावी. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो अनुयायांमुळे नागपूर आणि अजनी स्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते. ओला रंग, शिड्या आणि सुट्या कुंड्या त्या गर्दीत अडथळाच ठरतात. कुंड्या आदल्या आठवड्यातच भिंतीलगत सरकवाव्यात. त्या दिवसांत मदत करायची असेल तर पिण्याचे पाणी, दिशादर्शन आणि वृद्धांना जिना उतरण्यास हात देणे ही कामे आरपीएफ आणि लोहमार्ग पोलिसांना विचारून घ्यावीत.

१५. काम करताना बेवारस पिशवी किंवा एकटे मूल आढळले तर?

पिशवीला हात लावू नये, लोकांना दूर करून आरपीएफला किंवा १३९ या क्रमांकावर कळवावे. एकट्या मुलाला स्वतःच्या घरी किंवा स्थानकाबाहेर नेऊ नये, हेतू कितीही चांगला असला तरी. त्याच्याजवळ थांबून आरपीएफला बोलवावे किंवा १०९८ वर फोन करावा. सुया, रक्ताचे बोळे किंवा रुळांवरील घाण उचलणे हेही स्वयंसेवकांचे काम नाही.

१६. दुकानदार रंगाचा खर्च द्यायला तयार आहेत, पण त्यांना नाव हवे आहे.

फलाटावरील जाहिरात हे रेल्वेच्या उत्पन्नाचे साधन आहे. त्यामुळे परवानगीशिवाय लावलेले नाव दुसऱ्या दिवशी काढले जाते. बाक किंवा कुंड्या देणाऱ्याचे नाव छोट्या पट्टीवर चालेल का, हे मूळ अर्जातच विचारावे. पैशांऐवजी रंग, रोपे, माती अशा वस्तू घेतल्या तर हिशेबाचे वाद होत नाहीत. ‘रेल्वेसाठी वर्गणी’ असे म्हणून प्रवाशांकडून पैसे गोळा करणे पूर्णपणे चुकीचे आहे.

१७. परदेशात लोक स्थानक ‘दत्तक’ घेतात असे ऐकले. तसे येथे होईल का?

ब्रिटनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. तेथे गावातले गट गाड्या चालवणाऱ्या कंपनीशी लेखी करार करून स्थानकाची बाग सांभाळतात, आणि अशा गटांना जोडणारी कम्युनिटी रेल नेटवर्क ही देशव्यापी संस्था आहे. आपल्याकडे स्थानकाची मालकी आणि कारभार दोन्ही रेल्वेकडे असल्यामुळे करार कोणाशी करायचा हा प्रश्न तुलनेने सोपा आहे, स्थानक दोनपैकी कोणत्या रेल्वेचे एवढेच पाहावे लागते (प्रश्न ३ पाहा). त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे करारात कोणाचे काम कोठे संपते हे लिहिलेले असते. प्रश्न ४ मधील देखभालीचा परिच्छेद त्याच धर्तीवर लिहावा.

१८. गटातली माणसे गळाली, किंवा परवानगी देणारे अधिकारी बदलून गेले, तर काय करावे?

अधिकारी बदलले की नव्या साहेबांना जुने पत्र, आतापर्यंतच्या कामाची छायाचित्रे आणि पुढच्या सहा महिन्यांचे वेळापत्रक घेऊन भेटावे. तोंडी चालत आलेल्या सवलती पुन्हा लेखी करून घ्याव्यात. माणसे कमी झाली तर आधी काम कमी करावे. चाळीस वाळक्या कुंड्यांपेक्षा दहा हिरव्या कुंड्या स्टेशन मास्तरांनाही हव्या असतात. गट बंदच करायचा ठरला तर तसे पत्र द्यावे, नळाची किंवा खोलीची किल्ली परत करून पोच घ्यावी, रंगाचे उरलेले डबे घेऊन जावेत आणि जगू शकतील अशा कुंड्या जवळच्या शाळेला किंवा दुसऱ्या गटाला मार्च उजाडण्यापूर्वी देऊन टाकाव्यात.